डावं-उजवं

दूध पितंय. दूध राहतंय.
कडबा दिला की अर्ध्या तासात परत,
चावलेला, ओला, आंबट वाससुद्धा नसलेला,
दावणीपाशी.

केराबाई मेटकरी पदराच्या टोकात
तो परत आलेला कडबा बांधूनच आल्या होत्या.
'बघा,' म्हणाल्या, 'पोटापत्तुर पोचतच न्हाई.
वाटंतनंच माघारी येतोय.'
सतरा वर्षांच्या नोकरीत
इतकं नेमकं निदान मला कुणी आणून दिलं नव्हतं.

खिलार खोंड. चार महिन्यांचं.
काळे खूर, मानेवर काजळाची बोटं पुसल्यासारखी छटा,
आणि बरगड्या दारातूनच मोजता याव्यात अशा.
याच्या बापाला खरसुंडीच्या बाजारात
लोक वळून बघायचे, असं सासरे सांगत होते.
मी नळी घातली.
घशातून गेली, मानेतून गेली,
छातीत, काळजाच्या जरा वर, थांबली.
मी रेटली नाही.

मातीत काडीनं काढून दाखवलं:
गाईच्या पोटात असताना वासराच्या काळजावर
रक्ताच्या दोन कमानी असतात, डावी आणि उजवी.
डावीनं राहायचं, उजवीनं विरायचं.
याच्यात उजवी राहिली.
मग एक जुनी शीर, जन्मल्यावर सुकून जिची दोरी होते,
ती पलीकडं पोचायला
अन्ननळीवरून आडवी गेली.
झाला फास.
दूध निसटतं त्यातून. कडबा निसटत नाही.

'पर उजवं तर चांगलं असतंय,' सासरे म्हणाले.
'कौल उजवा. पाऊल उजवं.
उजव्या खांद्याच्या बैलाला
दोन हजार जादा मोजल्यात आम्ही.'
मी हात पुसत राहिले.
आत, त्या अंधारात,
कुणी कौल लावत नाही.

शिरवळला न्या म्हटलं, छाती उघडून दोरी कापता येते,
जगेलच असं नाही.
टेम्पोचं भाडं, डाळिंबाची तोड, चुलतघरातलं लग्न,
हे सगळं त्यांच्या मान हलवण्यात होतं.

मग केराबाईंनी ज्वारीची आंबील गाळायला घेतली.
खोंडाचे पुढचे पाय बांधाच्या धोंड्यावर चढवून,
मान वर धरून, वाटी वाटी.
उताराला लागल्यावर पाणी जातं, तसं जाईल,
असं मी एकदा सांगितलं होतं. एकदाच.
त्यांनी ते रोज चार वेळा, नऊ आठवडे केलं.

पौषात घास श्वासात गेला.

हिवराच्या झाडाखाली मी छाती उघडली.
अन्ननळी वर पिशवीसारखी फुगलेली, आत आंबील अजून कोमट,
आणि खाली ती दोरी. पोतं शिवायच्या सुतळीएवढी.
केराबाई वाकल्या. करंगळी घालून बघितली.
गेली नाही.
'येवढ्याशानं?'
येवढ्याशानं.

'मग गाईचा दोष काय?'
नाही.
'गिराणात भायेर बांधली हुती.'
नाही.
'खान्यात काय आलं आसंल...'
नाही, केराबाई. घडताना झालं. कुणी केलं नाही.
'मग ह्ये कागदावर द्या. शिक्का मारून.'

गाईला कागद कशाला,
असं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात
गोठ्याच्या दारात वैजंता दिसली, त्यांची लेक,
दिवाळीपासून माहेरीच.
गळ्यात डोरलं. हात रिकामे,
पण तान्हं धरायच्या घडीत तसेच राहिलेले.

केसपेपरवर रकाने असतात:
जनावराची जात, वय, रंग, मालकाचं नाव.
ते कोरे ठेवले.
खाली लिहिलं, जन्मजात. आईचा दोष नाही.
सही केली.

केराबाईंनी शाईवर फुंकर घातली,
चार घड्या करून कागद कनवटीला लावला.
'शिक्का जनावरांच्या दवाखान्याचा आहे हो,' मी म्हटलं.
'आसू द्या,' म्हणाल्या.
'गोल हाय न्हवं?'